खुंटी नसलेला तंबू

आमचं लहुवेता गाव एका नकाशात एका देशाचं आहे, दुसऱ्या नकाशात आमचं आहे, आणि शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात मुळी नाहीच. तिथे निळ्या समुद्राला लागून पिवळा रंग फासलाय, बस्स. खरं तर इथे पत्र्याच्या खोल्यांची एक रांग आहे, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या आहेत, मागे सगळं वाळवंट आहे आणि या सगळ्याला दिवसभर धोपटणारा वारा आहे. आणि बायका आहेत. बायकांबद्दलच सांगायचंय मला.

माझी साल्का मावशी शहरातून परत आली ती एका पिकअपमध्ये मागे बसून, मांडीवर ट्रंक घेऊन. तिच्या नवऱ्याचं टायरांचं दुकान आहे. त्याने तिला सोडलं, आणि सोडताना चार लोकांसमोर म्हणाला की इतकी वर्षं झाली तरी हिच्या अंगाचा मासळीचा वास काही जात नाही. हे वाक्य मावशीच्या आधी आमच्या गावात येऊन पोचलं होतं.

पण आम्हा साहरावी लोकांत सोडलेली बाई तोंड लपवून घरात शिरत नाही. सोडल्यावरचे तिचे थांबायचे महिने संपले की तिची मेजवानी होते. तंबू ठोकतात, हाताला मेंदी लागते, ढोल वाजतो, आणि एखादा पुरुष मुद्दाम बकरा कापतो, म्हणजे ते जुन्या नवऱ्याच्या कानावर जाईल आणि त्याला झोंबेल. आणि तंबू बाईचाच असतो. लग्नात आई तो लेकीला देते. नवरा तिथे पाहुणाच, जास्त दिवस राहिलेला. मेजवानी झाली की सगळ्यांनी समजायचं, ही मोकळी झाली, हिच्याकडे आता मान वर करून बघा. नाही झाली, तर मग ती ‘टाकलेली’. मग विहिरीवर कुजबुज, आणि ती मरेपर्यंत थांबत नाही.

म्हणून देग्जा आजीने, म्हणजे मावशीच्या आणि माझ्या आईच्या आईने, मेजवानीचा दिवस ठरवला आणि मावशीचा तंबू बाहेर काढला. काळा, बकऱ्यांच्या केसांचा, आजीने स्वतः विणलेला. तो इतका जड की आम्हा पोरींना तो उलगडतानाच घाम फुटला. आम्ही तो होड्यांच्या वरच्या मोकळ्या जागेत ठोकला. माझी मैत्रीण लहबीबा शेवटची खुंटी ठोकत होती, आणि जीप आली.

जीपमधून नवा सरकारी साहेब उतरला. उत्तरेकडून बदली होऊन आलेला, बूट इतके चकचकीत की त्यात वाळूला स्वतःचं तोंड दिसावं. मागोमाग सिदाती उतरला. सिदाती आमचाच, गावातलाच. त्याला मुकद्दम केलंय, म्हणजे कोणाकडे कोण आलं-गेलं हे साहेबाला सांगायचं काम त्याचं. लहान असताना तो आमच्याकडे जेवायला यायचा, म्हणून आता आमच्यासमोर आला की बुटांकडे बघत बोलतो.

“हे काय आहे?” साहेबाने विचारलं.

“तंबू आहे,” आजी म्हणाली. “तुमच्या गावात नसतो?”

“परवानगी आहे?”

“माझ्या लेकीला मेजवानी द्यायला?”

सिदाती खालच्या आवाजात म्हणाला, “आजी, आता तसं नाही राहिलं. तंबूला मनाई आहे.”

काही वर्षांपूर्वी आमच्या लोकांनी साहेबाच्या सरकारविरुद्ध वाळवंटात तंबू ठोकून ठिय्या दिला होता. तेव्हापासून कुठे काळं कापड वर गेलं की यांची जीप धावत येते. साहेबाने दोन शिपायांना खूण केली. त्यांनी खुंट्या उपटल्या, तंबू गुंडाळला आणि जीपमध्ये कोंबला. गुंडाळतासुद्धा आला नाही धड, अर्धा बाहेर लोंबत होता.

“या जमिनीत एकही खुंटी जाता कामा नये,” साहेब म्हणाला. “एकही! समजलं?”

“समजलं,” आजी म्हणाली. इतक्या गरीब आवाजात, की मी चमकून तिच्याकडे बघितलं. आजीचा तो आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

जीप गेल्यावर मावशी म्हणाली, “राहू दे आई. नको मेजवानी. मी काय, अशीच राहीन. होड्यांवर मासळी साफ करायला जाईन.”

“जा की. पण आधी मेजवानी.”

“कशात? आभाळाखाली? लोक म्हणतील, तंबूसुद्धा नाही राहिला तिचा.”

हेच तर होतं. तंबू नाही म्हणजे बाईचं घर नाही. आजी साहेबाच्या बुटांचे ठसे बघत उभी राहिली आणि मग मला म्हणाली, “तफर्रा, घरोघर जा. प्रत्येकीला सांग, आपला एक मेल्हफा घेऊन ये. धुतलेला. आणि पुरुषांना सांग, वल्ही पाहिजेत.”

मेल्हफा म्हणजे आम्ही डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळतो ते लांबच लांब पातळ कापड. प्रत्येकीकडे दोन-चार असतातच. मी धावतच सुटले. मागच्या वर्षापर्यंत मला कोणाच्या दारात जाऊन तोंड उघडायचं म्हटलं तरी घाम यायचा, पण त्या दिवशी मी एका दमात अख्खं गाव पालथं घातलं. मुनीना काकूकडे जाताना मात्र पाय अडखळले, कारण ती सिदातीची आई.

“काय गं, बाहेर उभी काय राहिलीस?” काकू म्हणाली. “माझा मुलगा साहेबाचा आहे, मी नाही. निळा आणू की जांभळा?”

होडीच्या शेडमध्ये आम्ही सगळ्या शिवायला बसलो. नवा तंबू शिवायचा असला की आमच्यात बायका अशाच जमतात. बोलावणं एकीकडून, हात सगळ्यांचे. पिवळा, जांभळा, शेवाळी, एक तर चक्क फुलाफुलांचा. दोरा मासेमारीचा, नायलॉनचा. आजी मध्ये बसून प्रत्येकीच्या हाताकडे बघत होती.

“धावदोरा घाला. एका शिवणीला एकच दोरा, आणि गाठ एकाच टोकाला.”

“आजी, वाऱ्याने फाटेल की,” लहबीबा म्हणाली. “मी दुहेरी घालू?”

“नको.”

“बरं, मध्ये एकेक गाठ तरी?”

“लहबीबा, तुझ्या लग्नात हव्या तेवढ्या गाठी मार. इथे एक.”

“दोरा वाचवतेय म्हातारी,” लहबीबा माझ्या कानात पुटपुटली. मलाही तसंच वाटलं. आजी तेलाच्या डब्याचं बूचसुद्धा जपून ठेवते.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरायला लागल्यावर आम्ही तो तंबू त्याच मोकळ्या जागेत नेला. आणि आजीने आम्हाला उभं केलं. कडेने एकेक पोरगी, प्रत्येकीच्या हातात उभं वल्हं, वल्ह्याच्या टोकाला तंबूची कड बांधलेली. मध्ये सगळ्यात लांब वल्हं, ते आमच्यातल्या दहबाने धरलं, कारण ती उंच आहे आणि तिचे दंड होडी वल्हवून घट्ट झालेत. मी आणि लहबीबा समुद्राच्या बाजूला, म्हणजे वारा थेट आमच्यावर.

“वल्हं जमिनीत रोवायचं नाही हं,” आजीने बजावलं. “पायाच्या बोटांवर ठेवा. वाळूत भोक दिसता कामा नये.”

“माझ्या बोटावर ठेवू?” लहबीबा ओरडली.

“माझ्या ठेवतेस का मग?”

खाली गालिचा घातला. गालिच्यावर मावशी बसली, हातापायांना मेंदी लावलेली, पांढऱ्या मेल्हफ्यात. ती खाली बघत होती. तिच्यासमोर आजी चहाचा सगळा पसारा मांडून बसली. शेगडी, किटली, साखरेचा दगड, इवलेइवले ग्लास. बाहेर दईदी काका बकऱ्याचं भांडं ढवळत होता. तो जाळी दुरुस्त करतो, बायको वारलीय, आणि बकरा त्यानेच आणला होता.

“लग्न करायचंय का तुला साल्काशी?” कोणीतरी विचारलं.

“छे! त्या टायरवाल्याला झोंबलं पाहिजे, एवढंच,” दईदी काका म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

वरती ऊन त्या कापडांतून येऊन सगळ्यांच्या तोंडावर रंग सांडत होतं. दहबाचं नाक जांभळं, मुनीना काकूचे गाल हिरवे. मी हसायला लागले तर वल्हं हललं, आणि सगळ्या ओरडल्या, “तफर्रा!”

आजीने पहिला चहा ग्लासात ओतला, दुसऱ्यात ओतला, परत पहिल्यात, परत दुसऱ्यात, वर फेस चढेपर्यंत. तेवढ्यात जीप आली. यायचीच होती.

साहेब उतरला. बघतच राहिला. मग तोंड लाल करून म्हणाला, “काल मी काय सांगितलं होतं?”

आजी चहा ओततेय, जणू ऐकूच आलं नाही. आणि माझ्या तोंडून एकदम निघालं, तेही त्याच्याच बोलीत, शाळेत आम्ही बोलतो तशी, “साहेब, एकही खुंटी जाता कामा नये म्हणालात. गेलेली नाही. दाखवा एक तरी.”

माझा आवाज इतका मोठा कसा आला देव जाणे. होड्यांवरच्या माणसांनीसुद्धा माना वळवल्या.

साहेब खाली वाकला. खरंच वाकला! एकेका वल्ह्याखाली बघत चालला. प्रत्येक वल्ह्याखाली एक पाय आणि पायाची दाबलेली बोटं. माझ्यापाशी आला तेव्हा मी अंगठा हलवून दाखवला.

“हा तंबूच आहे,” तो म्हणाला.

“आम्ही सावलीला उभ्या आहोत,” दहबा मधून म्हणाली. “सावलीला पण परवानगी लागते?”

“सिदाती!” साहेब ओरडला. “ओढ ते खाली.”

बायकांनी धरलेलं कापड ओढायचं म्हणजे बायकांशी झटापट. ते शिपाई करणार नव्हते, साहेब स्वतः तर नाहीच. म्हणून सिदाती. तो पुढे आला, आणि आत आला. आता तंबूत आलेल्या माणसाला आजी काय करणार? तिने ग्लास पुढे केला. सिदातीने तो घेतला आणि प्याला. विचारसुद्धा केला नाही त्याने. आईच्या दुधासारखी सवय ती, हातात ग्लास आला की पिऊन टाकायचा. पिऊन झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, आणि तो तसाच, रिकामा ग्लास हातात धरून, उभा राहिला.

“झालं ना पिऊन? ओढ!”

“साहेब,” सिदाती बुटांकडे बघत म्हणाला, “पहिला झाला. अजून दोन आहेत.”

“मग?”

“ज्यांचा पहिला घेतला त्यांचा तिसरा होईपर्यंत मी पाहुणा आहे. पाहुण्याने घर पाडायचं म्हणजे… नाही जमणार साहेब. माझी आई इथेच आहे.”

“इथेच आहे,” मुनीना काकू म्हणाली. “बस खाली.”

सिदाती बसला.

साहेबाने आमच्या हातांकडे बघितलं. एकेकीकडे. मग हसला, पहिल्यांदाच. “किती वेळ धरणार? मीही थांबतो.” आणि जाऊन जीपच्या पायरीवर बसला. आजीने त्यालाही चहा पाठवला, त्याने हात हलवून नको म्हटलं. त्याला वाटलं, पोरी आहेत, वारा आहे, आत्ता कोसळतील. आपोआप. त्याला बोटसुद्धा लावावं लागणार नाही.

आणि खरं सांगायचं तर त्याचं फार काही चुकलं नव्हतं. दुसऱ्या चहाची किटली शेगडीवर चढली तेव्हाच माझे खांदे पेटले होते. वारा वाढला. ते कापड म्हणजे शीडच झालं, आत हवा भरली की मला आणि लहबीबाला पुढे खेचायचं, आम्ही टाचांवर मागे रेलायचो, वल्हं पायाच्या बोटांवर नाचायचं.

“आजी,” मी म्हणाले, “जरा लवकर.”

“तुझ्या हातांसाठी पाहुण्यांना कच्चा चहा देऊ?”

“आजी, माझे हात तुटतील!”

“दोन आहेत ना?”

सगळ्या हसल्या, आणि हसताना धरायला जास्तच जड जातं. मग एक मोठा झोत आला. लहबीबा अक्षरशः वाळूवरून उचलली गेली, तिची किंकाळी, तिकडची कड खाली आली, साहेब पायरीवरून उठला. मावशी ताडकन उठायला गेली, वल्हं धरायला.

“बस!” आजी गरजली. “आज तू उठायचं नाहीस. तुझ्यासाठी उभ्या आहेत त्या. नीट बघ त्यांच्याकडे.”

आणि मावशीने पहिल्यांदा मान वर केली. तिने आमच्याकडे बघितलं, एकीकडून दुसरीकडे, घामेजलेल्या, वेड्यावाकड्या तोंडांच्या आम्ही सगळ्या. लहबीबा परत वल्हं पकडून उभी राहिली होती, ओठ चावत. मावशीने बाजूचा ढोल मांडीवर ओढला. मेंदीच्या हातांनी तिने एक थाप मारली, मग दुसरी. आणि गायला लागली, तिथल्या तिथे जुळवून:

“ज्याला माझ्या अंगाचा समुद्र सोसवेना,
त्याने रबराच्या ढिगावर झोपावं!”

अगं बाई! बायकांनी जी जीभ फिरवली, आणि जो लांब, थरथरता हाकारा उठला, की होड्यांवरचे पक्षी उडाले. पुरुषांनीही टाळ्यांचा ठेका धरला. मावशी कडवी रचत गेली. टायरवाल्याच्या पोटावर एक, त्याच्या हिशेबी आईवर एक, साहेबाच्या बुटांवर एक. प्रत्येक कडव्याच्या शेवटी आम्ही सगळ्या “हेऽ” करून वल्हं वर ढकलायचो, आणि त्या ठेक्यात हात कसे कोण जाणे सुसह्य झाले. दुसरा चहा झाला. आजी तिसऱ्यासाठी पाणी तापवायला लागली. इतक्या मंद आचेवर, की मला वाटलं ही शेगडीला अंगाई गातेय.

साहेब उभाच होता आता. येरझाऱ्या घालत होता.

तिसरा चहा फिकट, हलका. आजीने तो एकेकाला दिला. उभ्या पोरींच्या तोंडाला स्वतः उठून लावला. माझ्या ओठांना ग्लास लावताना हळूच म्हणाली, “ओरडलीस छान. आता थोडंच.” शेवटचा ग्लास सिदातीला. त्याने तो इतका हळू प्याला, इतका हळू, की त्याची आई म्हणाली, “अरे, गरम नाही तो.”

ग्लास खाली ठेवले.

“झालं?” साहेबाने विचारलं.

“झालं,” आजी म्हणाली.

“मग आता तू पाहुणा नाहीस, सिदाती. हा तंबू जप्त करा. सगळा. उचला!”

आजीने हात झटकले. “पोरींनो,” ती म्हणाली, “दोरा.”

तेव्हा मला कळलं. लहबीबालाही कळलं, कारण तिने माझ्याकडे डोळे फाडून बघितलं. वल्ही आडवी झाली, टोकांच्या गाठी सुटल्या, कापड खाली आलं, आणि बायकांनी गाठीचं टोक धरून ओढलं. एकेका शिवणीतून तो नायलॉनचा दोरा सर्रकन सुटत गेला. शिपाई दोन पावलं पुढे येईपर्यंत तंबूचे मेल्हफे झाले, आणि मेल्हफे प्रत्येकीने उचलून, झटकून, अंगावर गुंडाळले. पिवळा, जांभळा, शेवाळी, फुलाफुलांचा. माझा नारिंगी. वाळूवर काहीच उरलं नाही, नुसता गालिचा आणि चहाचा पसारा.

साहेब बघतच राहिला. “कुठे गेला?” त्याने सिदातीला विचारलं.

“साहेब… बायका आहेत या.”

मुनीना काकू निळा मेल्हफा डोक्यावरून घेऊन लेकासमोर जाऊन उभी राहिली. “ओढतोस? हा बघ. या टोकापासून सुरू कर.”

सिदातीने तोंडावर हात धरला. त्याचे खांदे हलत होते. रडत होता असं तो नंतर म्हणाला, पण मी बघितलंय, हसत होता.

मावशी उठली. ढोल दहबाच्या हातात देऊन, उघड्या आभाळाखाली, अनवाणी, सरळ जीपपाशी गेली. “माझा तंबू तुमच्याकडे आहे,” ती म्हणाली. “काळा. माझ्या आईने विणलाय. उद्या न्यायला येते.”

“मिळणार नाही.”

“मग परवाही येते.”

मग ती वळून दईदी काकाच्या भांड्यापाशी गेली आणि सगळ्यात चांगला तुकडा स्वतः काढून घेतला. काका नुसता डाव धरून उभा.

ती रोज जाते. चहाचं सामान घेऊन कचेरीच्या पायरीवर बसते, आणि आता तिच्याबरोबर आणखी दोघी-तिघी जातात. तंबू अजून मिळालेला नाही. विहिरीवर तिच्याबद्दल बोलतात, पण ते कडव्यांबद्दल. टायरवाल्याच्या दुकानासमोर पोरं ती म्हणतात असं कळलं.

सुट्टी संपून मी शाळेत परतले तेव्हा बाईंनी भिंतीवरच्या त्याच नकाशासमोर उभं राहून विचारलं, “या किनाऱ्यावरच्या गावांची नावं कोण सांगेल?” माझे दोन्ही खांदे अजून इतके ठणकत होते की दप्तर लहबीबा उचलत होती. मी तरी हात वर केला. अगदी सरळ, वल्ह्यासारखा, आणि बाईंचं लक्ष जाईपर्यंत खाली घेतला नाही.